ताडपत्री मी आवळली होती

आमच्या भागात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. थंड खोलीत ठेवलेली भाजी बाहेर काढली की तिला लू लागते आणि ती तासाभरात सडते. अल्लीपूरच्या बाजारात दुकान मांडून बसलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल. हिंगणघाटच्या रस्त्यावरच्या चार-पाच गावांतले शेतकरीही हेच सांगतील. कुणी म्हणेल काकाने सांगितलं, कुणी म्हणेल हे पूर्वीपासूनच माहीत आहे.

ही गोष्ट खोटी आहे आणि ती मी रचली आहे. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे भर उन्हात उभं राहून, दोन वाक्यांत. त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. आता माझं वय त्र्याहत्तर आहे, आणि माझ्यामागे ती गोष्ट तशीच चालत राहील हे मला सहन होत नाही. म्हणून लिहितो आहे.

माझी मालवाहू गाडी होती. आधी एक जुनी मेटाडोर, नंतर पिकअप. वीस-बावीस वर्षं मी आमच्या गावातून आणि शेजारच्या दोन गावांतून भाजी उचलून हिंगणघाटला नेली. ती भाजी कशी जात असे ते आधी सांगायला हवं. जो आधी आला त्याचा माल आधी चढायचा. पालेभाजीवाल्यांना घाई असते, म्हणून ते नेहमी आधी येत. त्यामुळे पालक, मेथी आणि सांभार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात) यांची पोती गाडीच्या तळाशी जात. त्यांवर वांगी, त्यांवर ढेमसं, आणि उशिरा उगवणाऱ्याचं कोहळं सगळ्यांच्या डोक्यावर. मग त्या ढिगावर मालाचे मालक स्वतः चढून बसत, तंबाखू मळत आणि गप्पा मारत. सांभार तर बायका विहिरीवर धुऊन आणत. धुतला की दिसायला चांगला आणि वजनालाही भारी. ओल्याच जुड्या घट्ट बांधायच्या आणि पोत्यात पायाने दाबून भरायच्या. हिंगणघाटला उतरवताना त्या पोत्यात हात घातला तर आत चुलीजवळ असावी तशी ऊब असे, आणि तळाच्या पोत्यांतून हिरवं पाणी गळत असे.

जे फेकून द्यावं लागे त्याला आम्ही उन्हाचा हिस्सा म्हणत होतो. ऊन आपला हिस्सा घेणारच, असं सगळे धरून चालत. ज्याचं पोतं सडलं तो उन्हाला दोन शिव्या घालायचा आणि बाकीचे हसायचे. गाडी कशी भरली, कोण कशावर बसलं, कुठे किती वेळ थांबलो, हे कधी कोणी विचारलं नाही. मलाही ते सोयीचं होतं.

आमच्या गावच्या बौद्ध वस्तीत एक बाई होती. तिच्या घरची दीड एकर जमीन विहिरीखाली होती आणि त्यात ती सांभार आणि पालक लावत असे. वस्तीतल्या दहा बायकांचा बचत गट तिच्या पुढाकाराने चालायचा. मी तिला बाई म्हणत असे आणि ती मला भाऊ. अंगाने बारीक, बोलायला तिखट. एकदा ती कुठल्याशा शेतकी केंद्रात तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली आणि आल्या आल्या बायकांना कामाला लावलं. तिच्या घरामागच्या कडुलिंबाखाली विटांची एक बुटकी खोली उभी राहिली. खोली म्हणजे कमरेएवढी उंच पेटीच. भिंती दुहेरी, दोन्हींच्या मधे वीतभर जागा, आणि त्या जागेत नदीची रेती भरलेली. वर तुराट्यांचं झाकण, त्यावर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ रेतीवर आणि गोणपाटावर पाणी मारायचं. बस, एवढंच. ना वीज, ना पंखा.

मी पाहायला गेलो तेव्हा हसलो होतो.

"बाई, हे काय? कोंबड्यायचं खुराडं बांधलं का?"

"नाई भाऊ. सांभाराचं माहेर आहे. चार दिवस आरामात राहून जाईल."

"आणि मग?"

"मग सासरी. तुमच्या गाडीत." बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या बायकांनी काय काय बदललं ते मी जवळून पाहिलं. सांभार सकाळी उपटायचा तो त्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर उपटू लागल्या. धुणं बंद. मुळांची माती नुसती झटकायची. जुड्या सैल बांधायच्या आणि रात्रभर त्या विटांच्या पेटीत ठेवायच्या. बाजार उतरलेला असेल तर एक-दोन दिवस आणखी ठेवायच्या. पोत्यांऐवजी प्लास्टिकच्या जाळीच्या पेट्या आणल्या, ज्यांना बाजारात कॅरेट म्हणतात. कॅरेट पाऊणच भरायचं, वरून ओलं गोणपाट. हे सगळं ठीक होतं, पण मग बाई माझ्या गाडीकडे वळली.

"भाऊ, तुमच्या गाडीत माल बसते का माणसं बसते, आधी ते ठरवा."

"दोन्ही बसते."

"मंग आमच्या कॅरेटवर कोणी बसणार नाई. त्याच्यावर पोतं येणार नाई. ताडपत्री वरून राहील, पण बाजूनं उघडी. वारं गेलं पायजे. आणि रस्त्यात थांबायचं नाई."

"चहाले बी नाई?"

"चहा आम्ही पाजतो. पिऊनच निघत जा."

मी कबूल केलं. पोतीवाल्यांची कुरकुर झाली, जागा खाते म्हणाले, पण मी कॅरेट मागच्या बाजूला वेगळे ठेवू लागलो. आणि महिनाभरात मला माझ्याच डोळ्यांनी जे दिसलं ते मी आज स्पष्ट लिहून ठेवतो. त्या पेटीत दोन-दोन, तीन-तीन दिवस राहिलेला सांभार हिंगणघाटला उतरायचा तेव्हा नुकता उपटल्यासारखा असायचा. काडी मोडली तर कट् असा आवाज यायचा. व्यापारी गाडी थांबण्याआधी विचारायचे, "बायकायचे कॅरेट कोणते?" त्यांच्या मालात उन्हाचा हिस्सा उरला नव्हता. फेकायला एखादी मूठ निघाली तर निघायची.

एप्रिलच्या अखेरीस बाईला एक मोठं काम मिळण्याची वेळ आली. वर्ध्याकडच्या एका वसतिगृहाचं भोजनगृह सांभाळणारा माणूस म्हणाला, एकदा माल पाठवा, चांगला आला तर वर्षभर रोजची पालेभाजी तुमच्याकडूनच घेऊ. दहाही जणींनी आपापल्या वाफ्यांतला निवडक सांभार आणि पालक उपटला. त्या सकाळी वस्तीतल्या विहिरीजवळ मी गाडी लावली तेव्हा सगळ्या जमल्या होत्या. गाडीत दुसरा कोणाचाही माल नव्हता. बाईने शेवटचं कॅरेट चढवलं आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन करजा, भाऊ. आम्ही इथंच आहो."

मी म्हणालो, "तुमच्या सांभारावर माशी बसू देणार नाई."

वाटेत एक गाव लागतं. त्या गावात माझ्या धाकट्या मुलीला पाहून गेलेले लोक राहत होते. आठवडा झाला होता, त्यांचं उत्तर आलं नव्हतं. घर रस्त्यालाच लागून. मुलाचा बाप ओट्यावर दात घासत बसला होता. त्याने गाडी ओळखली आणि हात केला.

"या ना बापा. उभ्या उभ्या चहा घ्या."

मी मुलीचा बाप होतो. उतरलो.

घरासमोर सात-आठ शेळ्या होत्या. उन्हाळ्यात आमच्याकडे हिरवं पान दिसत नाही, आणि मागे उघड्या गाडीत हिरवागार सांभार. एक शेळी पुढचे पाय गाडीच्या मागच्या फाळक्यावर टेकवून उभी राहिलीच. मी ताडपत्रीच्या चारही बाजू खाली ओढल्या, दोऱ्या कड्यांत घालून आवळल्या आणि गाठी मारल्या. बोटभर फट ठेवली नाही. गाडी लिंबाच्या सावलीत होती. पाच मिनिटांचं काम आहे असं मला वाटलं. ते खरंच वाटलं होतं, एवढं माझ्या बाजूने सांगतो. याच्यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

चहा झाला, मग पोहे आले. मग मुलाच्या काकांना बोलावणं गेलं, ते पलीकडच्या गल्लीतून आले. मग पंचांग निघालं. बोलणं चांगल्या दिशेने चाललं होतं आणि त्यातून मला उठता येईना. दोनदा म्हणालो, गाडीत माल आहे. मुलाचा बाप म्हणाला, "माल कुठं पळून राह्यला? तुम्ही पळू नका म्हणजे झालं." सगळे हसले, मीही हसलो. शेवटी जेवूनच जा म्हणाले. होकार मिळाला होता. मी वरण, भात आणि वडे खाऊन बाहेर आलो तेव्हा लिंबाची सावली घराच्या भिंतीपर्यंत सरकली होती आणि गाडी पूर्ण उन्हात होती.

ताडपत्रीला हात लावला तर चटका बसला. एक कोपरा सोडला, आतून वाफ तोंडावर आली. तिला शिजलेल्या पालकाचा वास होता. मी घाबरलो आणि घाबरून आणखी एक मूर्खपणा केला. घरातून दोन बादल्या पाणी मागून सगळ्या कॅरेटांवर ओतलं. आणि गारवा टिकावा म्हणून ताडपत्री पुन्हा तशीच आवळली. तापलेल्या पानावर पाणी, वर झाकण, आणि पुढे तासाभराचा रस्ता. चुलीवर भाजी लावावी तसा मी तो माल लावला.

वसतिगृहाच्या मागच्या दाराशी भोजनगृहाच्या त्या माणसाने गोणपाट उचललं. खाली काळपट हिरवा लगदा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आणलं?"

मी तोंड उघडलं तेव्हा खरं सांगायचं की खोटं, असा काही विचार केला नव्हता. वाक्य आपोआप आलं.

"थंड्या खोलीतला माल आहे साहेब. आत चांगला राहते. बाहेर काढला का त्याले लू लागते."

त्या माणसाने मान हलवली. "बरोबर आहे. आपण कूलरमधून उठून उन्हात गेलो की तसंच होते."

कूलरचं मला सुचलं नव्हतं, ते त्यानेच दिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात लहान पोरालाही सांगतात की कूलरसमोरून उठून एकदम उन्हात जाऊ नको, लू लागेल. घामेजल्या अंगाने गार पाणी पिऊ नको. खिशात कांदा ठेव. त्यामुळे माझी गोष्ट ऐकणाऱ्याला ती नवीन वाटलीच नाही. आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट भाजीलाही लागू पडते, एवढंच त्याला वाटलं.

मी फोन केला नाही. गाडी घेऊन परत आलो तेव्हा बायका विहिरीजवळच बसल्या होत्या. बाईने कॅरेटात हात घातला, लगदा बोटांत धरला, नाकाजवळ नेला.

"हे वाफलं आहे, भाऊ. रस्त्यात कुठं थांबले होते?"

"नाई."

"ताडपत्री?"

"उघडीच होती."

"मंग कसं झालं?"

मी लूची गोष्ट सांगितली. तिथला साहेबही हेच म्हणतो, असं जोडलं. कूलरचा दाखला दिला. एक म्हातारी बाई लगेच म्हणाली, "पाहा, मी म्हटलं नव्हतं? एवढं गार ठेवणं बरं नाई." बाईने बोटं गोणपाटाला पुसली. ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं मी तिचा माल नेला होता आणि एक जुडी इकडची तिकडे केली नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, याला तेवढंच कारण पुरेसं होतं.

त्या संध्याकाळी गावातल्या चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला व्यापाऱ्यांनी विचारलं, तिथेही सांगितलं. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी सुधारत गेली. मी हेही लिहायला हवं की गावातल्या आमच्या आळीत ती गोष्ट ऐकून बऱ्याच जणांना बरं वाटलं. वस्तीतल्या बायकांनी काहीतरी नवं करावं, बाजारात त्यांच्या मालाची आधी विचारपूस व्हावी, हे काहींना खुपत होतं. एकजण टपरीवर म्हणाला, "शिबिरात जाऊन कोणी शेती शिकते का?" सगळे हसले. मीही तिथे बसून हसलो. मला लोकांच्या मनाचा अंदाज होता आणि माझं खोटं तिथे फुकट पोसलं जाईल हेही मला कळत होतं.

इथपर्यंत कदाचित भित्रेपणा म्हणून सोडून देता येईल. पुढचं येणार नाही.

चार-पाच दिवसांनी बाई माझ्या घरी आली. ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"भाऊ, माह्या मनाले पटत नाई. महिनाभर माल चांगला गेला. त्या दिवशीच लू कशी लागली? एकच कॅरेट न्या. मले बाजूले बसू द्या. मी डोळ्यानं पाहतो."

ती बरोबर होती. एकच कॅरेट, ती शेजारी बसलेली, बाजू उघड्या, आणि तासाभरात खरं काय ते उजेडात आलं असतं. मी म्हणालो, "नाई बाई. कॅरेट आता माह्या गाडीत चढणार नाई. नुकसानीचा बोल मले नको." पोत्यात भरून द्या, नेतो, असंही म्हणालो. त्या तीन गावांत भाजीची दुसरी गाडी नव्हती. बाई चपला घालून निघून गेली. माझी बायको आतून म्हणाली, "एक कॅरेट नेलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी तिला काय बिघडलं असतं ते सांगितलं नाही. बायको वारली तोपर्यंत सांगितलं नाही.

मुलीचं लग्न त्याच घरी झालं. तिचं बरं चाललं आहे. तिच्या सासऱ्याला त्या दिवशीची गोष्ट आठवते. "तुमच्या गाडीतल्या भाजीचा घमघमाट सुटला होता," असं तो कौतुकाने सांगतो, आणि प्रत्येक वेळी मी पाण्याचा पेला तोंडाला लावतो.

वस्तीतली ती विटांची पेटी पुढच्या हिवाळ्यात मोडली. विटा चांगल्या होत्या, त्या विहाराच्या ओट्याला लावल्या. रेती तशीच कडुलिंबाखाली पडून राहिली आणि हळूहळू मातीत मिसळली. बायका पुन्हा पोती भरू लागल्या, धुऊन, दाबून. उन्हाचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. दोघीतिघींनी भाजी सोडली आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागल्या. बाईने चार वर्षं ओढलं, मग तिनेही वाफे मोडून सोयाबीन पेरलं. तिच्या अंगणात मी पुन्हा कधी सांभार पाहिला नाही.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीत कृषी खात्याची एक तरुण मुलगी आली होती. भाजीची नासाडी कशी थांबवायची हे ती सांगत होती. तिने भिंतीवर चित्र दाखवलं. दुहेरी विटा, मधे रेती, वर झाकण. मी मागच्या बाकावर होतो. चित्र मी लगेच ओळखलं. तिचं बोलणं संपायच्या आत एकजण उठला.

"मॅडम, हे आमच्या गावात होऊन गेलं. आत चांगलं राहते. बाहेर काढलं का लू लागते मालाले."

"असं होत नाही, काका. बाहेर सावलीत ठेवलं, वारा लागू दिला तर..."

"होते. हे बसले ना मागं, यायले विचारा. यायनंच नेलता तो माल."

सगळी डोकी वळली. त्या नजरेत आदर होता. हा माणूस खोटं बोलणार नाही, अशी ती नजर होती. त्या मुलीनेही माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिला मी नाही म्हणावं असं वाटत होतं. मी म्हणालो, "हाव. तसंच झालतं."

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विषयाकडे वळली.

घरी येऊन मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा भीती होती. मुलीचं जमत होतं, माझी गाडी होती, माझं नाव होतं. आता गाडी नाही, बायको नाही, मुलगी सुखात आहे. मग या खेपेला कशासाठी बोललो?

या उन्हाळ्यात मी मागच्या अंगणात विटा रचायला घेतल्या. गुडघे वाकत नाहीत, म्हणून स्टुलावर बसून रचल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय बांधून राह्यले? कोंबड्या पाळता का?" मी पुढची वीट रचली. रेती भरली, तुराट्या आता मिळत नाहीत म्हणून बांबूच्या कामट्यांचं झाकण केलं. शेजाऱ्याच्या वाफ्यातून संध्याकाळी सांभार उपटून आणला, न धुता आत ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी बाईच्या घरी निरोप पाठवला.

ती आली. आता केस पूर्ण पांढरे, एका हाताने कंबर धरून चालते. पेटी पाहून ती दारातच थांबली.

"कायले हा खटाटोप, भाऊ? तुम्हीच तर सांगतलं होतं."

"आत पाहा."

तिने झाकण सारलं, एक जुडी उचलली, काडी मोडली. कट् आवाज आला. तिने जुडी परत ठेवली.

"आत चांगलाच राहते. ते कोणी नाई म्हणते? बाहेर काढल्यावर पाहा."

"लागत नाई लू, बाई. तेव्हाही लागली नव्हती."

"लागली होती. मी हातानं पाहिलं. वाफलं होतं." ती मलाच समजावू लागली. तिच्या सुनेने मागे एकदा अशीच पेटी करू म्हटलं होतं, तेव्हा आपणच तिला नको म्हटलं, असं तिने सांगितलं. "जे एकदा भोगलं ते पुन्हा कायले?"

मग मी तिला सगळं सांगितलं. ओटा, शेळ्या, दोऱ्या, दोन बादल्या पाणी. एक कॅरेट का नेलं नाही तेही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो, त्या विटांकडे पाहत होतो. माझं संपलं तेव्हा तिने पेटीचं झाकण सारखं केलं.

"काय खाल्लं होतं तिथं?" तिने विचारलं.

"आधी पोहे. मग वरण, भात, वडे."

तिने मान हलवली, जणू एवढंच कळायचं राहिलं होतं.

"आम्ही फोनची वाट पाहत होतो," ती म्हणाली. मग म्हणाली, "मले सांगून काय उपयोग? मले आता विटा उचलणं होत नाई. ज्यायले ज्यायले सांगत फिरले, त्यायले सांगा."

जाताना मी तिला एक जुडी देऊ लागलो. तिने घेतली नाही.

मागच्या ग्रामसभेत मी सांगितलं. पेटीतला पाच दिवसांचा सांभार सोबत नेला होता, तो टेबलावर ठेवला. बाई मागे, दाराजवळच्या बायकांत बसली होती. माझं बोलून झालं तेव्हा कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. एकजण शेजारच्याला हळूच म्हणाला, "वय झालं. बायको गेल्यापासून असंच करून राह्यले." दुसरा मला मोठ्याने म्हणाला, "काका, तुम्ही उगाच मनाले लावून घेता. लू लागतेच. तुमचा काय दोष?" आणि सभा पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे गेली. अठ्ठावन्न वर्षांच्या, ताठ मानेच्या गाडीवाल्याने सांगितलेलं खोटं त्यांनी एका संध्याकाळी मानलं होतं. म्हाताऱ्याचं खरं ऐकायला त्यांना सवड नव्हती.

मी बाईकडे पाहिलं. ती उठली होती आणि दारात चपला शोधत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

सभा संपल्यावर मी बसूनच होतो. खुर्च्या उचलायला आलेल्या पंचायतीच्या शिपायाने टेबलावरची जुडी उचलली, उलटीसुलटी केली, वास घेतला. सभेत तो दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता.

"काका, हा ठेवून जाता का? घरी वरणाले होते. आजचाच दिसते."

"पाच दिवसांचा आहे," मी म्हणालो.

तो हसला. जुडी पिशवीत टाकली आणि खुर्च्या एकात एक घालू लागला.